जुना संगणक, जुना प्रोग्रॅमर आणि मुक्तस्रोत साधने : मायक्रोकंट्रोलरविषयी नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी, हिंगणा व बुटीबोरी औद्योगिक वसाहतींत जुन्या यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ आणि घरी हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक, आणि येथे प्रोग्रॅमर म्हणजे संगणकावरून त्या चिपमध्ये प्रोग्रॅम घालणारे उपकरण. भर ८०५१ आणि एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरच्या दोन कुळांवर आहे, कारण येथील कपाटांत आणि प्रयोगशाळांत याच चिप सर्वाधिक सापडतात. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावीत.

माझ्याकडे पेंटियम ४ किंवा कोअर टू ड्युओचा जुना संगणक आहे. तो या कामाला चालेल का?

चालेल. एव्हीआर कुळातल्या एटीमेगा८ या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी एकूण ८ किलोबाइट जागा असते आणि रॅम अवघी १ किलोबाइट. एवढा कोड कंपाइल करणे, म्हणजे चिपला कळणाऱ्या रूपात आणणे, हे वीस वर्षांपूर्वीच्या संगणकालाही जड नाही. जड पडतात ते ब्राउझर आणि मोठे आयडीई (कोड लिहिणे व कंपाइल करणे एकत्र देणारे सॉफ्टवेअर). म्हणून १ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकावर जीनीसारखा हलका एडिटर, एक टर्मिनल आणि मेक (कंपाइल करण्याच्या आज्ञा चालवणारे साधन) एवढ्यावर काम करावे. आर्डुइनो (एव्हीआर चिपचे तयार बोर्ड) यांच्या आयडीईची दुसरी पिढी ६४-बिट प्रणालीवरच चालते. ३२-बिट लिनक्सवर त्या आयडीईची १.८.१९ ही जुनी आवृत्ती घ्यावी.

मात्र काम सुरू करण्यापूर्वी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा. तो उतरलेला असला की संगणक प्रत्येक वेळी जुनी तारीख घेऊन सुरू होतो, आणि मेक हे साधन तर फाइलींच्या वेळा पाहूनच काय पुन्हा कंपाइल करायचे ते ठरवते. परिणामी आपण कोड बदलतो, मेक मात्र 'सर्व काही अद्ययावत आहे' असे सांगते आणि चिपमध्ये जुनाच प्रोग्रॅम जातो. हा दोष कोडमध्ये शोधत बसल्यास पूर्ण संध्याकाळ वाया जाते.

त्यावर कोणते लिनक्स टाकावे?

प्रथम प्रोसेसर खरोखर ३२-बिट आहे का, हे पाहावे. कोअर टू ड्युओ आणि पेंटियम ४ ची शेवटची काही मॉडेल्स ६४-बिट आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ६४-बिट असल्यास सध्याचे डेबियन एक्सएफसीई किंवा एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपसह टाकावे. निव्वळ ३२-बिट संगणकासाठी जून २०२३ मध्ये आलेले डेबियन १२ हे त्या मालिकेतले शेवटचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट इन्स्टॉलर नाही. अँटीएक्स हाही चांगला पर्याय आहे.

घरी इंटरनेट नसेल तर एकदा जोडणी असलेल्या ठिकाणी सर्व पॅकेजेस उतरवून घ्यावीत आणि एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या साठ्यातल्या डेब फाइली पेनड्राइव्हवर जपून ठेवाव्यात. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर त्या जशाच्या तशा बसतात.

कोणती साधने लागतात, आणि त्यांचे पैसे द्यावे लागतात का?

एव्हीआरसाठी जीसीसी-एव्हीआर, बिनयुटिल्स-एव्हीआर आणि एव्हीआर-लिबसी हे तीन भाग मिळून कंपायलरची साखळी होते आणि चिपमध्ये हेक्स फाइल (कंपाइल झालेला प्रोग्रॅम) उतरवण्याचे काम एव्हीआरड्यूड करते. ८०५१ साठी एसडीसीसी हा सी कंपायलर आहे. ही सर्व साधने विनामूल्य आहेत, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की त्यांचा स्रोत खुला आहे. कंपनीने एखादे सॉफ्टवेअर बंद केले, त्याची परवाना-किल्ली देणारा सर्व्हर बंद पडला किंवा ते नव्या विंडोजवर चालेनासे झाले, तर ज्याचे यंत्र त्या चिपवर अवलंबून आहे त्याच्या हाती काहीच उरत नाही. मुक्तस्रोत साधनाची आज जपून ठेवलेली आवृत्ती पंधरा वर्षांनीही त्याच संगणकावर तसेच काम करते. जुने हार्डवेअर आणि मुक्तस्रोत साधने यांची जोडी जमते ती या कारणाने.

शिकायला सुरुवात कोणत्या चिपने करावी?

अभ्यासक्रमाचे बंधन नसेल तर एटीमेगा८ किंवा एटीमेगा३२८पी घ्यावी. दोन्हींत आतला ऑसिलेटर, म्हणजे घड्याळ, असल्याने बाहेरच्या क्रिस्टलशिवायही चिप चालते, ब्रेडबोर्डवर बसते आणि सर्किटमध्ये असतानाच प्रोग्रॅम होते. अभ्यासक्रमात ८०५१ असेल तर एटी८९एस५२ घ्यावी. नावातला 'एस' येथे निर्णायक आहे, त्याचे कारण पुढे दिले आहे.

प्रोग्रॅमर कोणता घ्यावा? घरी जुना प्रिंटर पोर्टचा प्रोग्रॅमर पडून आहे.

एकच विकत घ्यायचा असेल तर यूएसबीएएसपी घ्यावा. थॉमस फिशल यांनी मांडलेली ही रचना खुली आहे, तिच्यात एक एटीमेगा८ आणि १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल एवढाच ऐवज असतो, आणि ती यूएसबीच्या सर्वांत संथ वेगाने बोलत असल्याने अगदी जुन्या यूएसबी पोर्टवरही चालते. उलट नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवरच तिच्या काही नकला अडखळतात. लिनक्सवर यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या साधनाचा) एक नियम लिहिला की सुडोशिवाय, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराशिवाय, काम होते. 'एससीके पीरियड सेट करता येत नाही, फर्मवेअर अद्ययावत करा' अशी सूचना (एससीके म्हणजे प्रोग्रॅमिंगचे घड्याळ) नकली बोर्डांवर हमखास येते. ती केवळ इशारा असते आणि बहुतेक वेळा पुढचे काम सुरळीत होते.

प्रिंटर पोर्टचा प्रोग्रॅमर मात्र फेकू नये. यूएसबीएएसपी स्वतः घडवायचा म्हटला, तर त्यातल्या एटीमेगा८ मध्ये पहिल्यांदा फर्मवेअर घालण्यासाठी दुसरा प्रोग्रॅमर लागतो, आणि तो नेमका या जुन्या पोर्टवर चार रोधक जोडून तयार होतो. एव्हीआरड्यूडमध्ये अशा केबलला 'डापा' म्हणतात. ७४एचसी२४४ हा बफर असलेल्या सुधारित प्रकाराला 'एसटीके२००'. बफर असलेला प्रकार घ्यावा, कारण चुकीच्या जोडणीचा फटका मग मदरबोर्डऐवजी स्वस्तातल्या बफरला बसतो.

प्रिंटर पोर्ट असूनही एव्हीआरड्यूड त्याला ओळखत नाही. काय करावे?

बायोसमध्ये पोर्ट चालू असून त्याचा पत्ता ३७८ आहे आणि तो ईपीपी किंवा साध्या पद्धतीवर ठेवला आहे, हे पाहावे. त्यानंतर लिनक्सचा प्रिंटर चालक, म्हणजे 'एलपी' मॉड्यूल, पोर्ट अडवून बसलेला असतो. तो काढून 'पीपीडेव्ह' चढवावे लागते. आपला वापरकर्ता 'एलपी' गटात असावा. एव्हीआरड्यूडच्या नव्या आवृत्त्यांत पॅरलल, म्हणजे प्रिंटर पोर्टची सोय नसेल, तर स्रोतातून बांधताना ती मुद्दाम चालू करावी. आणि केबल वीतभरापेक्षा फार लांब नसावी.

यूएसबीला लावायच्या प्रिंटर केबलचा येथे उपयोग नाही. ती प्रिंटरशी छपाईच्या भाषेत बोलते. पोर्टची एकेक तार स्वतंत्रपणे खाली-वर करण्याची सोय तिच्यात नसते, आणि प्रोग्रॅमरला नेमके तेच हवे असते.

प्रोग्रॅमर नाही, पण जुना आर्डुइनो उनो आहे. त्याचा प्रोग्रॅमर होतो का?

होतो, आणि चांगला होतो. आयडीईच्या उदाहरणांतले 'आर्डुइनोआयएसपी' हे स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) उनोमध्ये उतरवावे, मग उनोचा १० क्रमांक समोरच्या चिपच्या रिसेटला, ११ मोसीला (चिपकडे जाणारा डेटा), १२ मिसोला (चिपकडून येणारा डेटा) आणि १३ एससीकेला जोडावा. स्केच उतरवून झाल्यानंतरच उनोच्या रिसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा; तो नसल्यास एव्हीआरड्यूड पोर्ट उघडताच उनो स्वतःच रिसेट होतो आणि आपल्या बूटलोडरमध्ये (सिरियल तारेवरून नवा प्रोग्रॅम घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन बसतो. सिरियल जोडणीचा वेग १९२०० ठेवावा.

याच संदर्भात दोन गोष्टी. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असलेले बोर्ड जोडल्यावर पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा झाला, तर दृष्टिहीनांच्या ब्रेल यंत्रांसाठी असलेले 'बीआरएलटीटीवाय' हे पॅकेज तो पोर्ट आपला समजून घेत असते. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते काढून टाकावे. आणि जुन्या आर्डुइनो नॅनोवर प्रोग्रॅम उतरत नसेल तर प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडावा, कारण तो ११५२०० ऐवजी ५७६०० या वेगाने बोलतो.

एव्हीआरड्यूड म्हणते की चिप उत्तर देत नाही, किंवा सिग्नेचर चुकीची आहे. दोष कुठे शोधावा?

सिग्नेचर म्हणजे चिपच्या जातीची ओळख सांगणारे तीन बाइट. ते काय वाचले जातात, यावरूनच दोषाची दिशा कळते. तिन्ही बाइट शून्य किंवा तिन्ही एफएफ आले, अथवा उत्तरच आले नाही, तर चिपशी बोलणेच झालेले नाही. अशा वेळी मल्टीमीटर हातात घेऊन, कोणतीही तार 'बरोबरच असेल' असे गृहीत न धरता, चिपच्या पायावर प्रत्यक्ष व्होल्टेज मोजावे. २८ पायांच्या एटीमेगा८ मध्ये ७ क्रमांकावर वीज, ८ आणि २२ या दोन्हींवर ग्राउंड आणि २० वर एव्हीसीसी (ॲनालॉग भागाची वीज) लागते. विद्यार्थी २० आणि २२ हे पाय हटकून सोडून देतात. रिसेट (पाय १) हा १० किलोओहमने विजेला जोडलेला असावा, मोसी १७ वर, मिसो १८ वर आणि एससीके १९ वर. वीज आणि ग्राउंड यांच्यामध्ये चिपला अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर असावा. जुन्या ब्रेडबोर्डची स्प्रिंग सैल झालेली असते, म्हणून चिप एकदा दुसऱ्या जागी बसवून पाहावी.

जोडणी बरोबर असूनही उत्तर येत नसेल तर वेग पाहावा. कोरी एटीमेगा८ किंवा एटीमेगा३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते, आणि प्रोग्रॅमिंगचे घड्याळ चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शाहून कमी असावे लागते. एव्हीआरड्यूडला मोठ्या 'बी'चा पर्याय देऊन वेग उतरवावा. नकली यूएसबीएएसपी तो पर्याय मानत नसेल तर त्यावरचा संथ वेगाचा जंपर लावावा.

तिसरी शक्यता म्हणजे सिग्नेचर व्यवस्थित येते पण अपेक्षेप्रमाणे नसते. एटीमेगा३२८पी ची सिग्नेचर १ई ९५ ०एफ आणि शेवटी 'पी' नसलेल्या एटीमेगा३२८ ची १ई ९५ १४ अशी आहे. दुकानदार दोन्ही चिप एकाच नावाने देतो. अशा वेळी एव्हीआरड्यूडला बरोबर नाव सांगावे; तपासणी बळजबरीने बंद करणारा पर्याय वापरण्याची सवय लावून घेऊ नये, कारण ही तपासणीच एका चिपचे फ्यूज दुसऱ्या जातीच्या चिपमध्ये लिहिले जाण्यापासून वाचवते.

फ्यूज म्हणजे नेमके काय? ते बदलल्यापासून माझी चिप मेली आहे.

बहुधा ती मेलेली नाही. एव्हीआरमधले फ्यूज म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर राहणारे काही बिट. घड्याळ कुठून घ्यायचे, व्होल्टेज घसरल्यास थांबायचे की नाही, रिसेटचा पाय रिसेट म्हणूनच ठेवायचा का, अशा गोष्टी ते ठरवतात. त्यांची वाचायची रीत उलटी आहे: बिट शून्य असेल तर फ्यूज लागू, एक असेल तर लागू नाही. बहुतेक गोंधळ याच उलटेपणातून होतात.

सर्वांत नेहमीचा प्रकार असा की चिपला बाहेरचे घड्याळ घ्यायला सांगितले जाते, आणि बाहेर घड्याळच नसते. घड्याळ नाही म्हणजे चिप प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या चालू चिपमधून, उदाहरणार्थ आर्डुइनोच्या टायमरमधून, सुमारे १ मेगाहर्ट्झचा चौरस तरंग काढून तो एक्सटीएएल१ पायावर (एटीमेगा८ मध्ये पाय ९) द्यावा, वेग उतरवावा आणि मूळ फ्यूज परत लिहावेत. सोळा-पायाच्या पद्धतीत एटीमेगा८ चे कारखान्यातले मूल्य लो बाइट ई१ आणि हाय बाइट डी९. एटीमेगा३२८पी चे लो ६२, हाय डी९ आणि एक्स्टेंडेड एफएफ.

रिसेटचा पायच बंद केला असेल तर मात्र साध्या प्रोग्रॅमरने ती चिप उघडत नाही. रिसेटवर १२ व्होल्ट देणारा समांतर प्रोग्रॅमर (वरचा प्रिंटर पोर्टचा नव्हे) लागतो. म्हणून नियम असा ठेवावा की फ्यूज लिहिण्यापूर्वी ते वाचावेत, वहीत टिपून ठेवावेत, नवे मूल्य डेटाशीटमधल्या तक्त्यावरून बिट बिट मांडून काढावे आणि कुणाच्या तरी प्रकल्पातून उचललेला आकडा आपल्या चिपमध्ये घालू नये.

महाविद्यालयात केइल (८०५१ साठीचा व्यावसायिक कंपायलर) शिकवतात. तोच प्रोग्रॅम एसडीसीसीमध्ये का चालत नाही?

केइलच्या मूल्यमापन आवृत्तीत २ किलोबाइट कोडची मर्यादा आहे, त्यामुळे प्रकल्प थोडा मोठा झाला की विद्यार्थी एसडीसीसीकडे वळतात आणि पहिल्याच कंपाइलला चुकांची रांग लागते. सी भाषा तीच आहे. ८०५१ च्या खास गोष्टी सांगण्याची पद्धत दोघांची वेगळी आहे.

केइलमध्ये पोर्टचा एक बिट सांगताना पी१ नंतर घातचिन्ह आणि अंक देतात. एसडीसीसीमध्ये दोन अधोरेषांनी सुरू होणारा 'एसबिट' हा शब्द, तशाच दोन अधोरेषांचा 'ॲट' आणि कंसात बिटचा पत्ता द्यावा लागतो. पी१ च्या शून्याव्या बिटचा पत्ता सोळा-पायाच्या पद्धतीत ९० आहे. याहून सोपे म्हणजे 'एटी८९एक्स५२' हे हेडर घ्यावे, त्यात प्रत्येक बिटला नाव दिलेलेच आहे. 'इंटरप्ट' आणि 'कोड' हे शब्दही येथे दोन अधोरेषांसह येतात. अक्षरांचे तक्ते आणि एलसीडीवरचे मजकूर 'कोड' विभागात ठेवावेत, नाहीतर एटी८९एस५२ ची २५६ बाइटची रॅम बघता बघता संपते.

इंटरप्टच्या (मुख्य काम थांबवून तातडीचे काम करायला लावणाऱ्या संकेताच्या) बाबतीत एक सापळा आहे आणि तो कंपायलर दाखवत नाही. इंटरप्टचे फंक्शन वेगळ्या फाइलीत लिहिले असेल, तर त्याची घोषणा 'मेन' असलेल्या फाइलीला दिसलीच पाहिजे, कारण एसडीसीसी व्हेक्टरांचा, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठे जायचे त्या पत्त्यांचा, तक्ता तेथेच तयार करतो. घोषणा दिसली नाही तर प्रोग्रॅम एकही चूक न दाखवता कंपाइल होतो, चिपमध्ये जातो आणि पहिला इंटरप्ट येताच भरकटतो.

'प्रिंटएफ' वापरायचे असेल तर अक्षर बाहेर पाठवणारे 'पुटचार' आपण स्वतः लिहायचे असते. आणि केइलवर रिकाम्या लूपने मोजून बसवलेला विलंब येथे तेवढाच राहत नाही, कारण दोन कंपायलर एकाच लूपसाठी वेगवेगळ्या सूचना काढतात. १६×२ एलसीडी कोरी राहण्यामागे बहुधा हेच असते. विलंब टायमरने मोजावा. शेवटी एसडीसीसी 'आयएचएक्स' फाइल देतो. एसडीसीसीसोबतच येणाऱ्या 'पॅकआयएचएक्स'मधून ती काढली की नेहमीची हेक्स फाइल मिळते.

८९सी५१, ८९एस५२, पी८९व्ही५१ आणि एसटीसी यांत फरक काय?

गाभा एकच, १९८० साली इंटेलने आणलेला. फरक प्रोग्रॅम आत जाण्याच्या वाटेत आहे. एटी८९सी५१ ला १२ व्होल्ट देणारा समांतर प्रोग्रॅमर लागतो आणि तिला सर्किटमधून काढावे लागते. एटी८९एस५२ सर्किटमध्येच एसपीआय तारांवरून प्रोग्रॅम होते: मोसी पाय ६, मिसो ७, एससीके ८ आणि रिसेट ९. मात्र ८०५१ चा रिसेट उच्च पातळीवर लागू होतो, एव्हीआरचा निम्न पातळीवर. त्यामुळे निव्वळ एव्हीआरसाठी बनलेला प्रोग्रॅमर येथे तसाच चालेल असे धरू नये. शिवाय प्रोग्रॅमिंगच्या वेळीही हिला क्रिस्टल जोडलेला असावा लागतो. आणि ३१ क्रमांकाचा पाय विजेला जोडला नाही तर चिप आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या मेमरीत शोधत राहते.

पी८९व्ही५१आरडी२ आणि एसटीसीच्या चिप सिरियल पोर्टवरूनच प्रोग्रॅम घेतात. मुक्तस्रोत साधनांनी काम करायचे असेल तर यांतली एसटीसी८९सी५२ सोयीची, कारण तिच्यासाठी 'एसटीसीगॅल' हे पायथनमध्ये लिहिलेले खुले साधन आहे. आज्ञा दिल्यावर ते वीज बंद-चालू करायला सांगते. येथे अनेक जण आधी वीज देतात आणि मग आज्ञा देतात. बूटलोडर वीज आल्यानंतर अगदी थोडाच वेळ सिरियल तारेवर कान देऊन असतो, म्हणून आज्ञा आधी आणि वीज नंतर हाच क्रम हवा.

११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र क्रिस्टल का सांगतात?

कारण तो ८०५१ च्या सिरियल जोडणीच्या ९६०० या वेगाला नेमका भागला जातो. त्याला १२ ने भागले की ९,२१,६०० येतात, पुढे ३२ ने भागल्यावर २८,८००, आणि टायमरने ३ ने भागले की बरोबर ९,६००. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर याच भागाकाराने १०,४१६ च्या आसपास आकडा येतो. साडेआठ टक्क्यांची ही चूक सिरियल जोडणीला सोसत नाही आणि पडद्यावर कचरा उमटतो.

एव्हीआरच्या आतल्या ऑसिलेटरलाही हीच मर्यादा आहे. तो २५ अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो आणि तापमानासोबत सरकतो. हिवाळ्यात खोलीत नीट चाललेली सिरियल जोडणी मे महिन्यात दुपारी बिघडली, तर कोड उकरण्याआधी क्रिस्टल लावून पाहावा.

उन्हाळ्यात कूलरच्या पंपासाठी केलेले सर्किट मध्येच अडकते. चिपला नागपूरचे ऊन सोसत नाही का?

चिपला सोसते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते आणि औद्योगिक दर्जाची एटीमेगा८ उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालते. अडचण तिच्या आजूबाजूला असते.

पहिला संशय ७८०५ या रेग्युलेटरवर घ्यावा. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ५ व्होल्ट काढताना रिले आणि एलसीडी धरून २०० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॅट उष्णता त्या एका तुकड्यात निर्माण होते. हीटसिंकशिवाय तो दर वॅटला सुमारे ६५ अंशांनी तापतो. म्हणजे ९१ अंशांची वाढ. बंद डब्यात आधीच ४५ अंश असले की आतला गाभा १३६ वर जातो, आणि त्याची मर्यादा १२५ आहे. हीटसिंक लावावा, किंवा अडॅप्टर ९ व्होल्टचा घ्यावा.

दुसरे कारण म्हणजे पंपाची मोटर. ती बंद होताना उठणारी ठिणगी रिलेच्या संपर्कांतून सर्किटमध्ये शिरते. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावलेला असतोच. पण संपर्कांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची जोडी लावायची राहून जाते. हा कॅपॅसिटर मुख्य विजेसाठी बनलेला एक्स२ प्रकारचाच घ्यावा. ही जोडणी २३० व्होल्टवर आहे, म्हणून प्लग काढल्याशिवाय डब्यात हात घालू नये, आणि विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे.

तिसरे कारण व्होल्टेजचे खाली-वर होणे. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की दिवे मंदावतात, तेव्हा ५ व्होल्टची रेषाही क्षणभर कोसळते. चिप पूर्ण बंद होत नाही, पण सूचना चुकीच्या वाचते, आणि ईईप्रॉम या वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीतली मूल्येही बिघडू शकतात. एटीमेगा८ मध्ये यावर ब्राउन-आउट (व्होल्टेज घसरताच चिप थांबवणारे) संरक्षण आहे, पण ते कारखान्यातून बंद येते. बाहेरचा क्रिस्टल आणि ४ व्होल्टचे संरक्षण हवे असेल तर लो फ्यूज ३एफ होतो. एटी८९एस५२ मध्ये हे संरक्षण नाही. तिला उच्च पातळीचा रिसेट देणारा मॅक्स८१० सारखा पहारेकरी बाहेरून जोडावा आणि तिच्यातला वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्यास चिप रिसेट करणारा टायमर) वापरावा.

पिक (मायक्रोकंट्रोलरचे आणखी एक कुळ) चिपसाठीही मुक्तस्रोत साधने आहेत का?

आहेत, पण वाट अरुंद आहे. असेम्ब्लीसाठी जीपीयुटिल्स विश्वासार्ह आहे. एसडीसीसीचा पिक भाग मात्र बराच काळ कुणी सांभाळलेला नाही. पिकिट २ हा प्रोग्रॅमर आणि त्याचे 'पीके२सीएमडी' हे साधन जुन्या पीआयसी१६एफ८७७ए साठी उत्तम चालते. सिरियल पोर्टवरचा जेडीएम प्रोग्रॅमर फक्त खऱ्या आरएस-२३२ पोर्टवरच वापरावा, कारण तो चिपला लागणारे सुमारे १३ व्होल्ट त्या पोर्टच्या तारांतूनच उभे करतो आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर तेवढे व्होल्टेज देत नाही.

चिप हाताशी नसताना सराव करता येतो का?

येतो. एसडीसीसीसोबतचा यूसिम ८०५१ ची नक्कल करतो आणि एव्हीआरसाठी सिमएव्हीआर आहे. टायमर आणि इंटरप्ट समजून घ्यायला एवढे पुरेसे आहे.

सुटे भाग घेताना काय पाहावे?

नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानांतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, जुन्या बोर्डांवरून काढून पुन्हा छापलेल्या चिप दोन्हीकडे येतात. पायांवर सोल्डरचा मागमूस, घासल्यासारखा पृष्ठभाग आणि एकाच पाकिटात वेगवेगळे तारीख-क्रमांक या खुणा पाहाव्यात. घरी आल्याबरोबर प्रत्येक चिपची सिग्नेचर आणि फ्यूज वाचून घ्यावेत. वापरलेल्या चिपचे फ्यूज क्वचितच कारखान्यातले असतात. अशी चिप निकामी असतेच असे नाही, पण गिऱ्हाइकाच्या यंत्रात ती घालू नये. कबाड्याकडून जुने बोर्ड घेणे मात्र फायद्याचे: त्यांवरचे क्रिस्टल, रिले, आयसी सॉकेट आणि मॅक्स२३२ वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

या साधनांनी केलेले उत्पादन विकता येते का? कोड उघड करावा लागेल का?

विकता येते, आणि आपला कोड उघड करण्याचे बंधन येत नाही. कंपायलर जीपीएल या स्रोत खुला ठेवण्याची अट घालणाऱ्या परवान्याखाली असले, तरी चिपमध्ये जाणाऱ्या त्यांच्या लायब्ररींना त्यासाठी सवलत दिलेली आहे आणि एव्हीआर-लिबसीचा परवाना बीएसडी या सैल प्रकारचा आहे. इंटरनेटवरून उचललेला एखादा तयार चालक मात्र जीपीएलखाली असू शकतो. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरची परवान्याची ओळ वाचावी.

कारखान्यातल्या जुन्या यंत्रातली चिप बिघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवता येईल का?

यंत्र आपल्या मालकीचे असेल आणि चिपची लॉक बिट (वाचन रोखणारे बिट) लावलेली नसतील, तर येईल. प्रोग्रॅमर जोडल्यावर पहिली आज्ञा वाचण्याची असावी, पुसण्याची नव्हे. फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी), ईईप्रॉम आणि फ्यूज तिन्ही वाचून वेगवेगळ्या फाइलींत ठेवावेत. ईईप्रॉम विसरले तर यंत्राची जुळवणी हरवते. वाचन दोनदा करून दोन्ही फाइली अक्षरशः सारख्या आहेत का, हे पडताळावे. लॉक असलेल्या चिपमधून खरा प्रोग्रॅम मिळत नाही आणि चिप पुसली की लॉकसोबत प्रोग्रॅमही जातो, म्हणून अशा यंत्राच्या बाबतीत मूळ उत्पादकाला गाठणे किंवा यंत्राचे वर्तन समजून घेऊन प्रोग्रॅम नव्याने लिहिणे हे दोनच मार्ग राहतात.

ही घाई का, तर डेटाशीटनुसार एटीमेगा८ मधला मजकूर २५ अंशांवर १०० वर्षे टिकतो, पण ८५ अंशांवर २०. भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये बसलेली आणि दोन दशके चाललेली चिप त्या दुसऱ्या आकड्याच्या जवळ पोहोचलेली असू शकते. नवा प्रोग्रॅम लिहिला तर स्रोत, हेक्स फाइल, फ्यूजची मूल्ये, मेकफाइल आणि कंपायलरची आवृत्ती एका सीडीवर व एका पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि फ्यूज व आवृत्ती यांची चिठ्ठी छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी.